तारखेचा रकाना

ना. म. जोशी मार्गावर, जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे. जिथे साचे चालायचे तिथे आम्ही वेबसाइटचे फॉर्म बांधतो. त्यातला एक फॉर्म गिरणी कामगारांच्या नोकरीची माहिती भरण्याचा होता. तो भरून बघायला आमच्या चाळीतले काका आले. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले कागद होते.

एका बोटाने त्यांनी मराठीत नाव लिहायला घेतलं. दुसऱ्याच खुणेला लाल ओळ उमटली: 'योग्य नाव लिहा.' काकांनी बोट मागे घेतलं. "पोरी, माझंच नाव चुकलं?"

चूक आमच्या नियमात होती. नावात फक्त अक्षरं चालतील, असं आम्ही ठरवलं होतं. पण युनिकोडमध्ये काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण अक्षरांत मोडत नाहीत. त्यांचा गट वेगळा. 'पाटील'मधला प चालतो, काना अडतो. 'लक्ष्मी' आपल्या लेखी दोन अक्षरं, यंत्राच्या लेखी सात चिन्हं. पिनकोडचंही तेच. ४०००१३ मराठी आकड्यांत लिहिलं की अडलं, कारण जावास्क्रिप्टची आकड्यांची नेहमीची खूण इंग्रजी आकडेच ओळखते.

मग आला सक्तीचा रकाना: नोकरीस लागल्याची तारीख. काका बदली कामगार. रोज गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर पाळी मिळायची. "कधी लागलो म्हणू? पहिली पाळी मिळाली तेव्हा, की कायम झालो तेव्हा?" डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी संप सुरू झाला तो दिवस, १८ जानेवारी १९८२, त्यांना कागद न बघता सांगता येत होता. तो कुणी विचारत नव्हतं. ते कागद चाळत बसले, तेवढ्यात पान पुन्हा लोड झालं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं.

त्यानंतर आम्ही फॉर्म मुळापासून बदलला. प्रत्येक रकान्याच्या तीन गोष्टी वेगळ्या सांभाळल्या: काय लिहिलंय, माणूस तो रकाना सोडून पुढे गेलाय का, आणि चूक काय आहे. रकाना सोडल्यावरच चूक दाखवायची. लिहिणाऱ्याचा हात मध्येच धरायचा नाही. मराठी आकडे आम्हीच बदलून घेऊ लागलो. लिहिलेलं ब्राउझरमध्ये जपायचं; सायबर कॅफेसारख्या सामायिक कॉम्प्युटरवर मात्र नाही. ब्राउझरमधली तपासणी चुकवता येते, म्हणून सर्व्हरवर सगळं पुन्हा तपासायचं. आणि सूचनांमधून 'अवैध' हा शब्द कायमचा काढला. त्या जागी आलं: 'तारीख आठवत नसेल तर फक्त वर्ष लिहा.'

नियम आपण ऑफिसात बसून लिहितो. आयुष्य त्याआधी जगून झालेलं असतं. नियमात न बसणारा माणूस खोटा ठरत नाही, रकाना अपुरा ठरतो.

काका पुन्हा आले. नोकरीच्या प्रकारात आता 'बदली' होतं. त्यांनी ते निवडलं, पुढे १९७४ लिहिलं. या वेळी पिशवी उघडावी लागली नाही.