भाषांतराचे पाणी आणि पानाचे बांध

उसाला दारे धरणाऱ्याला सांगावे लागत नाही, की वाफा पाहून पाणी सोडावे. जास्त झाले की बांध फुटतो. आमचे भवानीनगर नीरा डाव्या कालव्याकाठचे, साखर कारखान्याच्या धुराड्याखाली वाढलेले. तेव्हा मोबाईलच्या पडद्यावरची एक नवी भानगड सांगताना मला हाच दाखला सुचला, तर वाचकांनी नवल मानू नये.

परभाषेतले पान आपोआप भाषांतरून दाखवण्याची विद्या गूगलच्या क्रोम ब्राउझरला २०१० साली आली. गूगलच्या भाषांतरात मराठी दाखल झाली २०१३ साली. इंग्रजीला बिचकणाऱ्या माणसाची यामुळे मोठीच सोय झाली, हे आधी कबूल केले पाहिजे.

पण पानाच्या चौकटी आखलेल्या असतात इंग्रजी शब्दांच्या मापाने. 'एडिट' या चार अक्षरी इंग्रजी शब्दाच्या जागी 'संपादित करा' येऊन बसले, की बटण फुगते, शेजारच्याला ढकलते, नाही तर शब्दाची शेपटीच कापली जाते. त्यात आपली देवनागरी! वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळीची उंची रोमन अक्षरापुरती बांधलेली असली, तर 'र्की'चा रफार गेला आणि 'कृ'चा पाय तुटला! निर्णयसागर छापखान्यातला जुळारी खिळे जुळवतानाच ओळ केवढी होणार हे पाही. इथे पान आधी मांडले जाते आणि मजकूर मागाहून बदलतो. शिवाय भाषांतर बरेचदा टप्प्याटप्प्याने उतरते; त्यामुळे बोट टेकवावे तोच बटण खाली सरकते.

याहून खोल दुखणे वेगळेच आहे. भाषांतर करताना क्रोम मूळ शब्द काढून त्या जागी 'फॉन्ट' नावाच्या नव्या वेष्टनात मराठी शब्द घालतो. 'रिअॅक्ट'सारख्या साधनांनी बांधलेले पान मात्र मूळ शब्दाची जागा ध्यानात ठेवून असते. तो बदलायला किंवा काढायला जावे, तर जागेवर नाही! मग कधी जुनाच आकडा तसाच राहतो, कधी सगळे पान कोरे होते.

आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने ठिबकच्या संचासाठी असाच एक अर्ज भरला. बटण दाबताच पडदा पांढरा. अर्ज बुडाला असे समजून त्याने दुसऱ्यांदा पैसे भरले. पहिले परत मिळवताना ऐन लागणीच्या दिवसांत त्याला हेलपाटे पडले. त्यात तपासणीच्या पानावर त्याचे 'मोरे' हे आडनाव 'अधिक' झालेले! इंग्रजी लिपीतले 'मोरे' आणि 'मोअर' एकच दिसतात, त्याला यंत्र तरी काय करणार? मान्यांची तर 'आयाळ' व्हायची!

उपाय अवघड नाहीत. पान बांधणाऱ्याने उंची-रुंदी जखडून ठेवू नये, बदलत्या शब्दांना स्वतंत्र वेष्टन द्यावे, नावे व आकडे यांवर 'भाषांतर नको' अशी खूण करावी. एचटीएमएलमध्ये तशी सोय आहे. आणि आपण? वाचताना खुशाल मराठी करून वाचावे. पण पैसे भरण्यापूर्वी पान मूळ भाषेत आणून नाव, रक्कम आणि बटण पुन्हा एकदा ताडून पाहावे. पडदा कोरा झाला, तर दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी बँकेचे खाते पाहावे. घाई केली, तर नुकसान आपल्याच खिशाचे!