सायकलयात्रेची पिशवी आणि परिग्रहाचे परिमाण

चातुर्मासाची समाप्ती झाली की साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि श्रावकांच्या घरीही यात्रांचे बेत ठरू लागतात. बीड परिसरातील जैन कुटुंबांना जवळचे सिद्धक्षेत्र म्हणजे कुंथलगिरी. देशभूषण आणि कुलभूषण या मुनिद्वयांची ही निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी याच क्षेत्री सल्लेखनापूर्वक देह ठेवला. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून, चौसाळ्यावरून धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात जाणारा हा मार्ग आता काही तरुण सायकलवरून करू पाहतात. सायकलला मोजके सामान बांधून एक-दोन मुक्काम करीत जायचे, अशी या प्रवासाची रीत आहे. अशा वेळी हँडलला पुढे बांधायची पिशवी कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण अन्नाची शुद्धी, प्रवासाची सुरक्षितता आणि व्रताचा विवेक, तिन्ही त्यात गुंतलेली आहेत.

पावसाळा सरल्यावर जलरोधक पिशवी कशाला, असे घरातील वडीलधारी विचारतील. परंतु मराठवाड्यातील पाऊस पंचांग पाहून येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत झालेली गारपीट शेतकऱ्यांच्या आजही स्मरणात आहे. उघड्या माळरानावर अवकाळी सर आली, तर सायकलस्वाराला आडोसा मिळेलच असे नाही. भिजलेले कपडे वाळतात. शिदोरीचे तसे नाही. खाकरे, कोरड्या पुऱ्या, चिवडा, लाडू यांना ओल लागली की बुरशी धरते, रस चलित होतो आणि ते अन्न अभक्ष्य ठरते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम असलेल्या प्रवाशाची शिदोरी दुपारी भिजली, तर पुढील सूर्योदयापर्यंत त्याला उपाशी राहावे लागते. दिवसभर सायकल चालवून थकलेल्या शरीराला हा अनपेक्षित उपवास जड जाऊ शकतो.

बाजारात ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात; वास्तविक त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारची पिशवी शिंतोडे सोसते, दुसरी मुसळधार पाऊस. पिशवीवर ‘आयपीएक्स’ हे मानांकन असल्यास त्यापुढील आकडा पाहावा. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण, ६ म्हणजे पाण्याच्या जोरदार झोतापासून, तर ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडूनही आतील वस्तू सुरक्षित राहणे. आकडा नसेल तर शिवण तपासावी. सुईने शिवलेल्या प्रत्येक टाक्याचे छिद्र ही पाण्याची वाट असते. म्हणून उष्णतेने सांधलेले जोड अधिक विश्वसनीय. तोंड चेनचे असण्यापेक्षा किमान तीन वेळा गुंडाळून बंद होणारे असावे.

या पिशव्यांचे मूळ आपल्या परिचयाच्या ताडपत्रीत आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. हार्टमुट ऑर्टलिब या जर्मन तरुणाचे सामान इंग्लंडच्या सायकलप्रवासात पावसाने भिजत होते. शेजारून जाणाऱ्या मालमोटारींतील माल मात्र ताडपत्रीखाली कोरडा होता. त्याने त्याच कापडाची पिशवी शिवली आणि १९८२ साली त्यातून एक उद्योग उभा राहिला. ज्यांना महागडी पिशवी परवडत नाही, त्यांनी साध्या पिशवीत जाड प्लास्टिकचे अस्तर घालून त्याचे तोंड पिळून दुमडावे आणि घट्ट बांधावे. खर्च नगण्य, उपयोग पुष्कळ.

कोणतीही पिशवी प्रवासाआधी घरीच पारखावी. आत कोरडे वर्तमानपत्र ठेवून, तोंड नीट बंद करून तिच्यावर नळाचे पाणी दहा मिनिटे सोडावे. कागदाला ओल लागली, तर वाटेत शिदोरीलाही लागेल. ही परीक्षा परतीची मुदत संपण्यापूर्वी करावी आणि पावती जपून ठेवावी.

सुरक्षिततेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. हँडलवरील ओझे तीन किलोच्या आत ठेवणे बरे. अधिक भाराने हँडल जड होते आणि वळणावर तोल जातो. पिशवी पुढच्या चाकाला टेकता कामा नये, ब्रेकच्या तारा तिच्याखाली दबता कामा नयेत आणि दिव्याचा प्रकाश तिच्यामुळे अडता कामा नये. परतताना मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. सैल पट्ट्याची पिशवी त्या उतारावर चाकात अडकली, तर प्राणावर बेतेल. निघताना आणि प्रत्येक विश्रांतीनंतर पट्टे ओढून पाहण्याची सवय असावी. पाण्याच्या बाटल्या व अवजारे हँडलवर न ठेवता सायकलच्या सांगाड्याला बांधावीत; पुढे हलके कपडे, गाळणे आणि स्वतंत्र डब्यातील शिदोरी एवढेच पुरे.

अहिंसेच्या दृष्टीने आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. इंग्लंडमधील काही जुन्या, नामांकित बनावटीच्या कॅनव्हास पिशव्यांना चामड्याचे पट्टे असतात. कापड सुती आहे म्हणून पिशवी निर्दोष ठरत नाही. पट्टे, मुठी, चेनची टोके, नाममुद्रेचा तुकडा, हे सर्व विचारून घ्यावे.

राहिला आकार. हँडलच्या पिशव्या साधारणतः दहा ते पंधरा लिटरच्या मिळतात आणि मोठीच घ्यावी असा मोह होतो. पण रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतोच. परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक आधी मर्यादा आखतो, मग संग्रह करतो; पिशवीच्या बाबतीतही क्रम तोच असावा. प्रथम सामानाची यादी करावी, तीतून अनावश्यक वस्तू वगळाव्यात आणि उरलेले मावेल एवढीच पिशवी घ्यावी. ज्या क्षेत्री ही यात्रा पोहोचते, तेथे येणारे दिगंबर मुनी पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढ्यावर शेकडो कोसांचा विहार करतात. श्रावकाला तितके साधणार नाही. तरी दहा लिटरची पिशवी अर्धी रिकामी ठेवून घाट चढणे त्याला निश्चित साधेल, आणि चढावर त्याचे पायही त्याला दुवा देतील.