विमानतळावरची झडती आणि आपले समज

बुद्धगया, लुंबिनीच्या पुढे आपली माणसे आता थायलंड-श्रीलंकेलाही धम्मयात्रेला जातात. बोदवड स्टेशनात गाडी धरून मुंबई गाठायची आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानतळ पाहायचा. तेथे झडती सुरू झाली की पुष्कळांच्या मनात येते, 'आपले कपडे साधे, म्हणून आपल्यालाच अडवले.' ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीवर अडवले गेले, त्यांना असे वाटणे स्वाभाविकच आहे. पण मूठभर अतिमहत्त्वाच्या व्यक्ती सोडल्या तर सुटाबुटातल्या साहेबाचीही झडती होते. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवले गेले. त्यानंतर २००० पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे एकेक विमानतळ सोपवला गेला. महिलांची झडती महिला जवानच घेते, तीही आडोशाला. कोणी अपमानास्पद बोललेच तर वरिष्ठाकडे शांतपणे तक्रार करावी. तो आपला हक्क आहे.

नियम सगळीकडे सारखे, हा दुसरा समज. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला. तेव्हापासून परदेशप्रवासात हातातल्या पिशवीत बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरपर्यंतचीच बाटली चालते. मोठी बाटली अर्धी रिकामी असली तरी नाही. अमेरिकेत बूट काढावे लागत, ते जुलै २०२५ मध्ये बंद झाले. लोणचे, तिखट मोठ्या सामानात द्यावे. पॉवर बँक मात्र जवळच ठेवावी लागते.

आणि बुद्धमूर्ती! श्रद्धेने घेतलेली मूर्ती कोण अडवील? पण थायलंडबाहेर मूर्ती न्यायला तेथील ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यातली छोटी प्रतिमा चालते. म्हणून दुकानदाराला आधी परवान्याचे विचारावे, मगच पैसे द्यावेत.