परदेशातील मराठी शाळा आणि आपला पहिलीचा वर्ग

अमेरिका व कॅनडा या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले आठवड्याचे पाच दिवस इंग्रजी शाळेत जातात आणि त्यांपैकी काही मुले शनिवारी किंवा रविवारी तास-दोन तास मराठी शाळेत येतात. या शाळेस स्वतःची इमारत बहुधा नसते. देवळाचे सभागृह, सार्वजनिक ग्रंथालयातील एखादी खोली, क्वचित कोणा पालकाचे घर, एवढ्यावर तिचे भागते. शिकविणारे स्त्री-पुरुष आपापले व्यवसाय सांभाळून, वेतन न घेता हे काम करतात. अध्यापनशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले त्यांत थोडेच. पट लहान, वये निरनिराळी, सहा वर्षांचे मूल व बारा वर्षांचे मूल एकाच खोलीत. एकशिक्षकी शाळा चालविणाऱ्यांना हे चित्र अपरिचित वाटू नये.

उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची मध्यवर्ती संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ साली स्थापन झाली. या शाळांसाठी पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने मंडळाने पायरीपायरीचा अभ्यासक्रम व परीक्षा यांची व्यवस्था केलेली आहे. पूर्वी प्रत्येक गावी जो तो आपल्या समजुतीप्रमाणे शिकवीत असे, त्यास यामुळे काही शिस्त आली.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. मूल घरी मराठी ऐकते, त्याला ते कळतेही. परंतु शाळेत जाऊ लागल्यावर थोड्याच काळात ते उत्तरे इंग्रजीत देऊ लागते. आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत सांगते, आणि कोणास त्यात वावगे वाटत नाही. मात्र गावाकडच्या आजीचा दूरध्वनी आला म्हणजे नातवाजवळ ‘बरा आहे’ यापलीकडे शब्द उरत नाही. भाषा अशी एकाच पिढीत, कोणाचाही विरोध नसताना, घराबाहेर पडते. मॉरिशसच्या मराठी लोकांनी हे फार पूर्वी अनुभवले. १८३४ नंतरच्या काळात मजूर म्हणून तेथे गेलेल्यांच्या वंशजांची रोजची बोली क्रेओल झाली. तरीही तेथील सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय आहे.

हा प्रश्न केवळ मराठी माणसाचा नाही. स्वीडनसारखा लहान देश परदेशातील आपल्या मुलांच्या स्वीडिश शाळांना सरकारी अनुदान देतो. लंडन येथील स्वीडिश शाळा १९०७ पासूनची आहे. परंतु त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बाहेरून स्वीडनमध्ये येऊन राहिलेल्या परभाषिक मुलांनाही त्यांच्या मातृभाषेचे शिक्षण मिळावे, अशी तरतूद त्या देशाने १९७७ पासून केली. पुरेशी मुले व योग्य शिक्षक मिळणे या तिच्या अटी आहेत, हे खरे. पण आपल्या मुलाची परदेशात जी अडचण होते, तीच परक्याच्या मुलाची आपल्या दारात होते, ही समज त्यामागे आहे.

किनवट तालुक्यातील शिक्षकांस ही समज फार उपयोगाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मराठी मुलुखात आले. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे पलीकडे गेली. सीमा हलली, माणसे व त्यांच्या बोली होत्या तेथेच राहिल्या. त्याच दिवशी अंमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घटनेत घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. कोलामांच्या पोडावरचे, गोंडांच्या गुड्यातले किंवा बंजारा तांड्यावरचे मूल पहिलीत येते, त्या दिवशी ते आपल्याच गावात परदेशी गेलेले असते. अमेरिकेतील मराठी मुलाच्या घरात तरी मराठी असते. येथे घरात कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी आणि फळ्यावर मराठी.

दोघांच्या चुकाही पुष्कळदा सारख्याच दिसतात. ‘घर’ऐवजी ‘गर’ आणि ‘भात’ऐवजी ‘बात’ हे अमेरिकेतील मराठी मूलही म्हणते, कारण त्याच्या इंग्रजी कानास घ, भ ही स्वतंत्र व्यंजने वाटत नाहीत. आणि कोलाम मूलही म्हणते, कारण कोलामीच्या मूळ शब्दांत महाप्राण व्यंजने नाहीत. लिंगाचेही तसेच. मराठीत तो, ती, ते अशी तीन रूपे. गोंडी व कोलामीत पुरुषाला एक सर्वनाम आणि स्त्री व वस्तू या दोहोंना मिळून दुसरे, ‘अद’. तेव्हा ‘आई आले’ म्हणणारे मूल बेपर्वा नसते, ते आपल्या भाषेचे व्याकरण मराठीस लावून पाहत असते. फरक एवढाच, की तिकडे अशा चुकीला पालक कौतुकाने हसतात आणि पुन्हा एकदा म्हणून दाखवितात. इकडे त्याच चुकीवर ‘मठ्ठ’ असा शेरा बसण्याचा संभव असतो. मग मूल गप्प बसते. पुढे ते गैरहजर राहू लागते आणि हजेरीपत्रकात त्याचे कारण ‘पालकांची अनास्था’ असे लिहिले जाते.

परदेशातील शाळांतून पुढे आलेली रीत येथे सहज चालण्यासारखी आहे. तेथील अनुभवी शिक्षक बाराखडीपासून आरंभ करीत नाहीत. दुकान मांडणे, पाहुण्यास पाणी देणे, गाणे म्हणत हातवारे करणे, अशा कामांतून आधी कान व जीभ तयार होते. अक्षरे मागाहून येतात. आपल्याकडे त्यास आणखी एक जोड द्यावी लागेल, ती मुलाच्या बोलीची. शिक्षकाने ती बोली अस्खलित बोलावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण ‘पाणी’ हा शब्द शिकविताना गोंडीत ‘येर’, कोलामीत ‘ईर’ म्हणतात हे त्याला ठाऊक असले, आणि तांड्यावरच्या मुलाची ‘याडी’ म्हणजे आई हे त्याने ओळखले, तर वर्गाची मुद्रा पालटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. त्यातील ‘शक्यतोवर’ हा शब्द पळवाटेसारखा वापरला जातो. निदान पहिल्या वर्गात तो तसा वापरू नये.

याकरिता वेगळा निधी लागत नाही. शंभर पानी वहीत चार रकाने आखावेत: मराठी, गोंडी, कोलामी, गोरमाटी, सीमेलगतच्या गावी पाचवा तेलुगूचा. शब्द मुलांनीच सांगावेत, चौथीच्या मुलांनी देवनागरीत उतरवावेत, आणि शंका आल्यास पोडावरील वृद्ध स्त्रियांना विचारावे. त्यांच्याकडून एखादी गोष्टही मिळते, ती वहीच्या मागील पानांवर घ्यावी. गोंडीला लिपीही आहे. सीमेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या खेड्यात तिची हस्तलिखिते मिळाली आणि २०१८ पासून संगणकाच्या जागतिक लिपिसंचात तिला स्थान आहे. ही गोष्ट चौथीच्या गोंड मुलांना सांगितली म्हणजे ती वही ती मुले अधिक जपून ठेवतील. शिक्षकाची बदली झाल्यास वही शाळेतच राहावी व कार्यभाराच्या यादीत तिची नोंद करावी.