दहा नंबरची जागा

अर्जेंटिनाच्या फुटबॉलमध्ये 'एनगांचे' असा एक शब्द आहे. त्याचा साधा अर्थ आकडा. दोन डबे एकमेकांना जोडणारी कडी. मैदानावर मध्यफळी आणि आघाडीची फळी यांच्या मधोमध, बहुधा दहा नंबर पाठीवर घेऊन वावरणाऱ्या खेळाडूला हा शब्द लावतात, आणि तो जिथे वावरतो त्या जागेलाही. आपले समालोचक त्याला अटॅकिंग मिडफिल्डर म्हणून मोकळे होतात. त्या नावातून तो कुठे उभा असतो ते कळते, तो करतो काय ते कळत नाही.

हुआन रोमान रिकेल्मे याला 'शेवटचा एनगांचे' म्हणण्याची आता पद्धतच पडली आहे. त्यातल्या 'शेवटचा' या शब्दापाशी मी बराच काळ अडलो आहे. तो शब्द उच्चारला की हळहळायची सोय होते आणि चौकशी थांबते. एखादी जागा खेळातून नाहीशी होते म्हणजे नेमके काय होते? मैदानाची लांबी-रुंदी तीच, खेळाडू अकराच. मग गेले काय? रिकेल्मेची कारकीर्द क्रमाने तपासली तर माझ्या मते याचे उत्तर सापडते. ही जागा मैदानावर कधी आखलेली नव्हतीच. तो उरलेल्या दहा जणांनी एकासाठी केलेला करार होता.

करार असा: चेंडू आपल्याकडे आला की तो आधी त्याला द्यायचा. तो थांबला तर आपण थांबायचे नाही, त्याच्यासाठी धावायचे. आणि चेंडू गेला तर परत मिळवण्याची त्याच्या वाटणीची धावपळही आपणच करायची. मोबदल्यात त्याने दिसण्यापूर्वीची वाट दाखवायची. अर्जेंटिनात या थांबण्याला 'पाउसा' म्हणतात. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे दोन मात्रांमधले अंतर रिकामे नसते, गवई त्यात काहीतरी घडू देत असतो. रिकेल्मे चेंडूवर तळवा ठेवून उभा राही तेव्हा प्रतिस्पर्धी एक पाऊल पुढे येई, त्याच्या मागे पोकळी तयार होई आणि चेंडू तिथे जाई. त्याला 'संथ' म्हणणाऱ्यांनी पायांचा वेग मोजला. चेंडू किती लवकर पोचला हे मोजायचे राहून गेले.

त्याचा जन्म २४ जून १९७८ चा. ब्युनोस आयर्सच्या उत्तरेला दोन तोर्कुआतो या उपनगरात, मोठ्या कुटुंबात आणि हातातोंडाची गाठ असलेल्या घरात तो वाढला. अर्जेंटिनोस ज्युनियर्स या क्लबच्या मुलांच्या संघातून तो बोका ज्युनियर्सकडे आला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये पहिला सामना खेळला. पुढच्या वर्षी मलेशियात अर्जेंटिनाने वीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता. प्रशिक्षक होते होसे पेकरमन. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रिव्हर प्लेटविरुद्ध मॅराडोना कारकिर्दीतला शेवटचा अधिकृत सामना खेळला. मध्यंतरानंतर तो मैदानात परतला नाही, आणि त्याच मध्यंतरानंतर एकोणीस वर्षांचा रिकेल्मे उतरला. अर्जेंटिनातल्या लोकांना अशा योगायोगांचे भारी वेड. मला त्यापेक्षा १९९८ साल महत्त्वाचे वाटते, कारण तेव्हा कार्लोस बियांची बोकाचा प्रशिक्षक झाला आणि करार खऱ्या अर्थाने लिहिला गेला.

बियांचीची रचना वरवर साधी होती. मागे चार, मध्ये तीन, त्यांच्या पुढे एक, आणि सर्वांत पुढे दोन. मधले तिघे राबणारे. कोलंबियाचा सेर्ना त्यांतला मुख्य. पुढे उंचापुरा मार्टिन पालेर्मो आणि त्याच्या बाजूला चपळ जोडीदार. मधला 'एक' म्हणजे रिकेल्मे. या संघाने लीगमध्ये सलग चाळीस सामने हार पाहिली नाही. २००० आणि २००१ साली दक्षिण अमेरिकेतली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, कोपा लिबर्ताडोरेस, लागोपाठ जिंकली.

२००० च्या त्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती रिव्हर प्लेटशी, म्हणजे सख्ख्या वैऱ्याशी. पहिला सामना रिव्हरने २-१ असा घेतलेला. परतीच्या सामन्यात बोका जिंकत असताना रिकेल्मेला उजव्या कडेच्या रेषेजवळ चेंडू मिळाला. तोंड कोपऱ्यातल्या झेंड्याकडे, पाठीशी रिव्हरचा बचावपटू मारियो येपेस. पुढे रेषा, मागे माणूस. अशा वेळी खेळाडू चेंडू बाहेर घालवतो किंवा फाउल मिळवतो. रिकेल्मेने तळव्याने चेंडू मागे ओढला, तो येपेसच्या दोन पायांमधून गेला, आणि स्वतः वळून तो पलीकडे चेंडूवर हजर. या क्षणाचे चित्रण मी किती वेळा पाहिले याची गणती नाही. त्यातून गोल झाला नाही हे विशेष. येपेस पुढे बरीच वर्षे इटलीत उत्तम खेळला, पण बोकाच्या लोकांना तो या एका क्षणासाठीच आठवतो, ही त्याच्यावरची थोडी अन्यायाचीच गोष्ट. बोकाने सामना ३-० असा जिंकला.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला टोकियोत युरोपचा विजेता रेआल माद्रिद समोर होता. पहिल्या सहा मिनिटांतच पालेर्मोने दोन गोल केले. दुसरा रिकेल्मेने आपल्या अर्ध्या भागातून दिलेल्या लांब पासवर झाला. रोबेर्तो कार्लोसने एक गोल फेडला, पण नंतरचा जवळजवळ सगळा वेळ रेआलचे मध्यरक्षक, त्यात चेंडू हिसकावण्यात तरबेज असलेला माकेलेलेही, रिकेल्मेच्या अंगाभोवती चेंडू शोधत राहिले. २-१ हा धावफलक त्या सामन्याचे फारसे सांगत नाही.

मात्र कराराला पैशाचीही बाजू असते. तेव्हा बोकाचा अध्यक्ष होता उद्योगपती मौरिसियो माक्री, आणि मानधनावरून त्याचे रिकेल्मेशी बिनसले होते. एप्रिल २००१ मध्ये रिव्हरविरुद्ध गोल केल्यावर रिकेल्मे अध्यक्षांच्या कक्षासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात कानांमागे धरले. मुलीला टोपो जिजो हा बाहुला-उंदीर आवडतो, म्हणून तसे केले, असे त्याने नंतर सांगितले. कोणीही विश्वास ठेवला नाही. २००२ साली त्याच्या भावाचे अपहरण झाले, खंडणी देऊन सुटका करावी लागली, आणि त्याच वर्षी तो बार्सिलोनाला गेला.

बार्सिलोनात त्याला करारच मिळाला नाही. खेळाडू अध्यक्षांच्या हौसेने आला होता. प्रशिक्षक लुई व्हान गाल यांना तो नको होता. व्हान गालच्या पद्धतीत प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि चेंडू नसतानाची कामेही सर्वांना सारखी. रिकेल्मेला त्यांनी बहुतेकदा कडेला उभे केले. कडेच्या खेळाडूला एका बाजूला रेषा असते, म्हणजे निम्मे मैदान कायमचे बंद. मधोमध उभे राहून चहूकडे पाहण्यावर ज्याचा सगळा व्यवहार, त्याला तिथे उभे करणे म्हणजे सतारियाला झांजा देण्यासारखे. तरीही व्हान गालांना खलनायक ठरवणे मला पटत नाही. एकाला सूट द्यायची तर तिचा बोजा दहा जण उचलणार; ते दहा जण तयार आहेत की नाही हे प्रशिक्षकाने पाहायचेच असते. २००३ मध्ये रोनाल्डिन्यो आला, परदेशी खेळाडूंच्या मर्यादेत जागा उरली नाही आणि रिकेल्मेला व्हिलारेआलकडे उसना धाडण्यात आले.

व्हिलारेआल हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचे, फरशा आणि टाइल्स बनवणारे गाव. क्लबचा मालकही त्याच धंद्यातला. इथे, विशेषतः २००४ मध्ये चिलीचे मान्युएल पेलेग्रिनी प्रशिक्षक झाल्यावर, करार पुन्हा झाला. त्या हंगामात हा क्लब स्पॅनिश लीगमध्ये तिसरा आला. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून गटात पहिला, मग इंटर मिलानला हरवून थेट उपांत्य फेरीत. सगळे गाव एका माणसाच्या सवडीने चालले होते.

२५ एप्रिल २००६. आर्सेनलने पहिला सामना १-० जिंकलेला, दुसऱ्यात गोलशून्य बरोबरी आणि खेळ संपायला एक-दोन मिनिटे उरलेली. व्हिलारेआलला पेनल्टी मिळाली. अर्थात रिकेल्मेनेच घ्यायची. गोलरक्षक येन्स लेहमानने ती अडवली. करारातले हे कलम कोणी मोठ्याने वाचत नाही: सगळे चेंडू ज्याच्याकडे जातात, शेवटचा चेंडूही त्याच्याकडेच जातो.

दोन महिन्यांनी जर्मनीत विश्वचषक. पेकरमन आता अर्जेंटिनाचे प्रशिक्षक होते आणि त्यांनी संघ रिकेल्मेभोवती बांधला. सर्बिया आणि माँटेनेग्रोला ६-० असे हरवताना कांबियासोने केलेला गोल आजही दाखवला जातो. पंचवीसच्या आसपास पास, डावीकडून उजवीकडे, पुढून पुन्हा मागे, आणि शेवटी क्रेस्पोच्या टाचेवरून कांबियासोकडे. बघताना लक्षात येते की रिकेल्मे त्यात नेत्रदीपक असे काहीच करत नाही. चेंडू त्याच्यापाशी येतो, लय तपासून घेतो आणि पुढे जातो.

३० जूनला बर्लिनमध्ये यजमान जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला. मध्यंतरानंतर लगेच रिकेल्मेच्या कॉर्नरवर आयालाने हेडरने गोल केला. बाहत्तराव्या मिनिटाला पेकरमनने रिकेल्मेला बाहेर बोलावले आणि कांबियासोला, म्हणजे बचाव सांभाळणाऱ्याला, आत पाठवले. ऐंशीव्या मिनिटाला क्लोजने बरोबरी साधली. पेनल्ट्यांत जर्मनी जिंकली. आयाला आणि कांबियासोचे फटके अडवणारा गोलरक्षक पुन्हा लेहमानच. राखीव बाकावर एकोणीस वर्षांचा लिओनेल मेस्सी न खेळता बसून राहिला, म्हणून टीका मुख्यतः त्यावरून झाली. मला मात्र बाहत्तरावे मिनिट अधिक बोलके वाटते. आघाडी टिकवण्याचा एक मार्ग चेंडू स्वतःजवळ ठेवणे हा असतो, आणि ते काम जगात ज्याला सर्वांत चांगले येत होते त्याला बाहेर काढून आघाडी टिकवायची ठरवली गेली. इतकी वर्षे ज्यांनी हा करार जपला, त्या पेकरमनचाही ऐन वेळी त्यावरचा विश्वास डळमळला.

आता मूळ प्रश्नाकडे. त्या दशकात युरोपात दोन गोष्टी पक्क्या होत होत्या. एक म्हणजे बचावफळीच्या पुढे दोन राखणदार मध्यरक्षक ठेवण्याची रीत. एनगांचेचे अंगण त्यांनी अडवले. दुसरी म्हणजे चेंडू गमावताच सर्वांनी मिळून त्यावर तुटून पडण्याची रीत. या दुसऱ्या रीतीत सूट परवडत नाही, कारण साखळीतली एक कडी सैल राहिली की प्रतिस्पर्धी तिथूनच बाहेर पडतो. पण दृष्टी असलेले खेळाडू संपले नाहीत, त्यांनी घरे बदलली. आंद्रेआ पिर्लो मुळात दहा नंबरच्याच जागेवरचा; त्याला प्रशिक्षकांनी मागे, बचावफळीच्या पुढ्यात आणले आणि तिथून त्याने पंधराएक वर्षे सामने चालवले. मेस्सीला ग्वार्दिओलाने आघाडीच्या टोकाला ठेवून मागे सरकण्याची मुभा दिली. गेला तो एका माणसासाठीचा करार.

रिकेल्मेने जागा बदलली नाही. पेलेग्रिनीशी बिनसल्यावर २००७ मध्ये तो उसना म्हणून बोकात परतला आणि ग्रेमिओविरुद्ध लिबर्ताडोरेसच्या अंतिम फेरीच्या दोन सामन्यांतल्या पाच गोलांपैकी तीन त्याने केले. २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण मिळाले, संघात मेस्सीही होता. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक मॅराडोनाशी न पटल्याने त्याने देशासाठी खेळणे थांबवले. तोवर तो जाईल तिथे भांडणे होतात असे लोक म्हणू लागले होते, आणि ते खोटे नव्हते. शेवटचे काही महिने तो अर्जेंटिनोस ज्युनियर्ससाठी दुसऱ्या श्रेणीत खेळला, त्यांना पहिल्या श्रेणीत नेले आणि जानेवारी २०१५ मध्ये निवृत्त झाला.

बोका हा सभासदांच्या मालकीचा क्लब आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला रिकेल्मे. समोरच्या बाजूला उपाध्यक्षपदासाठी उभा होता मौरिसियो माक्री, मधल्या काळात चार वर्षे देशाचा राष्ट्राध्यक्ष राहून आलेला. सभासदांनी रिकेल्मेला निवडून दिले.