जुन्या मोटारीतील न विझणारा इशारादिवा

मोटारीच्या दर्शनफलकावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की एंजिन बिघडले असा अर्थ सामान्यतः केला जातो. वस्तुतः एंजिनाच्या बळापेक्षा त्यातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या शुद्धतेवर लक्ष ठेवण्यासाठी ही योजना झाली. या स्वयंनिदान-पद्धतीची दुसरी पिढी अमेरिकेत १९९६ पासून व भारतातील नव्या चारचाकी वाहनांना एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली.

बहुतेक दोषांच्या बाबतीत तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्याखेरीज दिवा लागत नाही, आणि तीन निर्दोष फेऱ्या झाल्यावर तो आपोआप विझतो. यास्तव बॅटरीची तार काढून दिवा घालविण्याच्या प्रघातात फारसे शहाणपण नाही. त्यामुळे दोष जात नाही. दोषक्षणीच्या नोंदी मात्र पुसल्या जातात. दिवा लुकलुकत असेल, तर गोष्ट निराळी. अशा वेळी एखाद्या नळकांड्यातील पेट्रोल न जळताच बाहेर पडून उत्प्रेरक-पात्रात पेटत असते व ते पात्र निकामी होण्याचा संभव असतो. गाडी तत्काळ सावकाश घ्यावी, शक्य तर थांबवावी.

जुन्या गाड्यांत 'पी ०४२०' हा संकेतांक वारंवार आढळतो. उत्प्रेरकाची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली, असा त्याचा अर्थ; आणि पुष्कळ मिस्त्री तो वाचताच महागडे पात्र बदलावयास सांगतात. हा निष्कर्ष कसा निघतो ते पाहावे. पात्राच्या अलीकडे व पलीकडे एकेक प्राणवायु-संवेदक असतो. सर्वसाधारण बनावटीत अलीकडील संवेदकाचा दाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो. निरोगी उत्प्रेरक प्राणवायू साठवितो व सोडतो, म्हणून पलीकडील दाब बराचसा स्थिर राहतो. तोही नाचू लागला, की यंत्रणा उत्प्रेरकास दोषी धरते. परंतु हे अनुमान आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. धूरनळीस संवेदकाजवळ चीर पडली, तर धुराच्या दोन झोतांमधील क्षणिक ओढीने बाहेरची हवा आत शिरते आणि संवेदक फसतो. थंड एंजिन चालू करून नळीच्या तोंडाशी जाड फडके क्षणभर धरले, तर सांध्यांतील फुसफुस ऐकू येते. ही परीक्षा बिनखर्चाची आहे. ती मोकळ्या हवेतच करावी, कारण या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पात्र खरोखरच मेले असेल, तर ते कशाने मेले हे आधी शोधावे. एंजिन तेल जाळीत असल्यास नवे पात्रही त्याच वाटेने जाईल.

'पी ०१७१' म्हणजे मिश्रणात इंधन कमी. येथे इंधन-दुरुस्तीची टक्केवारी उपयोगी पडते. उभ्या गाडीत ती दहाच्या बरीच वर असून मिनिटास २,५०० फेऱ्यांवर शून्याकडे उतरत असेल, तर एखाद्या रबरी नळीतून आत शिरणाऱ्या चोरट्या हवेचा संशय घ्यावा. भार वाढताना टक्केवारीही वाढत असेल, तर इंधनपंप, गाळणी किंवा मळलेला हवामापक तपासावा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने उलट बाजूही पाहावी. किल्ली फिरविताच, एंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दिवा जळालेला असतो किंवा कोणी तो मुद्दाम काढून ठेवलेला असतो.