नांगर टाकण्याचा कायदा

बेळगावहून निघालेला वेंगुर्ला रस्ता आरंभीच हिंडलग्यातून जातो. या गावाला समुद्र नाही. जवळून वाहते ती मार्कंडेय नदी, आणि बेळगावकरांच्या नळाला येणारे राकसकोपचे पाणी येथल्या पंपघरातून पुढे जाते. पाण्याशी गावाचा संबंध काय तो एवढाच. अशा ठिकाणी राहणाऱ्याने बंदराच्या कायद्याची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. परंतु रस्त्याला वेंगुर्ल्याचे नाव पडले ते उगीच नव्हे. १८१२ साली वेंगुर्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि पुढे बेळगावची छावणी वसल्यावर तिचे बंदर तेच झाले. आंबोलीचा घाट होण्यापूर्वी रामघाटाने, आणि तो झाल्यावर आंबोलीने, देशावरचा माल खाली उतरे व मीठ, नारळ, मासळी वर चढे. हिंडलग्याच्या वाटेने गेलेल्या बैलगाडीचा शेवटचा मुक्काम गलबताच्या नांगरापाशी असे, असे म्हटले तरी चालेल. १८८८ साली मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरच्या मुलुखाशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरू लागला. व्यापार ओसरला, बंदर मात्र राहिले, आणि त्याच्या पाण्याचे नियमही राहिले.

बंदर म्हणजे दगडी धक्का, अशी आपली समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने बंदर म्हणजे मुख्यतः पाणी होय. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याने सरकारला प्रत्येक बंदराची हद्द जाहीर करण्याचा अधिकार दिला होता. ही हद्द समुद्रात अमुक टोकापासून तमुक खडकापर्यंत आखली जाई, आणि खाजगी मालकीचे हक्क राखून भरतीच्या रेषेपासून पन्नास मीटरपर्यंतचा किनाराही तीत घेता येई. या हद्दीतील पाण्यावर एक संरक्षक अधिकारी नेमलेला असे. कोणते जहाज कोठे उभे राहील, कोणत्या बाजूने आत येईल, कोणता दोर कोठे बांधील, हे सांगण्याचा अधिकार त्याचा. शेताच्या बांधावरून कज्जे करणाऱ्या आपणा घाटावरच्या लोकांना पाण्यात बांध नसताना भांडण कशाचे होत असेल, याचे नवल वाटते. पण भांडणाचे खरे कारण बांध नसणे हेच आहे.

ते कसे, हे दोराकडे पाहिले म्हणजे उमजते. नांगर केवळ आपल्या वजनाने होडी धरून ठेवीत नाही. त्याची नखे तळाच्या चिखलात रुतावी लागतात, आणि ती रुतून राहावयाची तर ओढ आडवी पडली पाहिजे. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट दोर सोडावा लागतो. पाच मीटर पाणी असेल तर पंचवीस मीटर दोर ही काही चैन नव्हे. आता अशी होडी नांगराभोवती फिरू लागली की दोराची लांबी आणि होडीची लांबी मिळून जी त्रिज्या होते, तेवढे सारे वर्तुळ तिचे होते. बारा मीटरांची एक होडी अशा रीतीने सत्तर मीटरांहून अधिक रुंदीचे पाणी अडवून बसते. शेजारच्या सर्व होड्या एकाच जातीच्या असल्या तर त्या एकदमच वळतात आणि कोणी कोणाला लागत नाही. पण भरलेले, पाण्यात खोल बसलेले गलबत प्रवाहाच्या आज्ञेत असते, आणि रिकामी, उंच डोकावणारी होडी वाऱ्याच्या. ओहोटीचा प्रवाह एकीकडे आणि खारा वारा दुसरीकडे, अशी वेळ आली की दोघी दोन दिशांना तोंड करतात आणि एकमेकींच्या कुशीत शिरतात. मोठ्यांची जागा वेगळी, मासेमारी होड्यांची वेगळी, प्रवासी होड्यांची वेगळी, आणि येण्याजाण्याची वाट सर्वस्वी मोकळी, हा नियम अधिकाऱ्याच्या लहरीतून निघालेला नाही.

धक्क्याला बांधलेल्या होडीची गोष्ट निराळी. तिला वर्तुळ लागत नाही; पण तिला भरती-ओहोटीचा हिशेब लागतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईस पाण्याची पातळी पाच मीटरांच्या आसपास वरखाली होते; दक्षिण कोकणात हा फरक बराच कमी, तरी माणसाच्या उंचीहून अधिक असतो. ओहोटीला ताणून बांधलेला दोर भरतीला होडीचे नाक पाण्यात दाबून धरतो, आणि भरतीला आखूड बांधलेली होडी ओहोटीला धक्क्यावर टांगून राहते. नवख्या पर्यटकाला तांडेल दोरापाशी घुटमळताना दिसतो, तो आळसाने नव्हे.

१९०८ च्या त्या कायद्यातील काही कलमे वाचताना जुन्या बंदराचे चित्रच डोळ्यांपुढे उभे राहते. नीरम, म्हणजे पोकळ गलबत कलंडू नये म्हणून तळाशी भरलेले दगड-वाळूचे वजन, बंदरात टाकावयाचे नाही. कारण ते टाकता टाकता बंदर उथळ होते. ठरविलेल्या हद्दीत जहाजावर डांबर उकळावयाचे नाही, उघड्या दिव्यापाशी दारूचे पिंप काढावयाचे नाही. लाकूड, दोर आणि शीड यांच्या त्या जगात एक ठिणगी सगळा तांडा जाळून टाकण्यास पुरेशी होती. सूर्यास्तानंतर दुसऱ्या जहाजांना धोका होईल अशा रीतीने दोर पाण्यात पसरून ठेवावयाचा नाही. सरकारी बोयात जहाज अडकले तर आणीबाणीचा प्रसंग वगळता कप्तानाने स्वतः बोया उचलावयाचा नाही. संरक्षकास कळवावयाचे, आणि त्याने तत्काळ साह्य करावयाचे. किनाऱ्याचे दगड-माती उचलून नेण्यासही बंदी, कारण किनारा ढासळला की गाळ शेवटी बंदरातच येतो.

या सर्वांत मला एक कलम विशेष वाटते. संरक्षकाने सांगितले तर प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने दुसऱ्या जहाजाला ओढून घेण्यासाठी आपल्या जहाजाला दोर बांधू दिला पाहिजे, आणि सांगेपर्यंत तो सोडता कामा नये. म्हणजे शेजाऱ्याचा दोर धरणे ही मेहेरबानी नसून कर्तव्य होते. हा कायदा १९०८ चा असला तरी त्यामागचा रिवाज कायद्याहून जुना असला पाहिजे. पावसाळ्यात आरमाराची छावणी कोठे करावी याचा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहे.

आज महाराष्ट्रातील लहान बंदरांचा कारभार १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मासेमारीचे नियमन १९८१ च्या राज्य कायद्याने होते. आणि १९०८ च्या बंदर कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला. कायदे बदलले, परंतु वाऱ्याने नियम बदललेले नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. त्यापूर्वीच कोकणातल्या होड्या वाळूवर ओढून घेतल्या जातात आणि झापांनी शाकारल्या जातात. यात माशांच्या विणीचा विचार आहे तसाच उघड्या बंदरांचाही आहे; वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी पावसाळी लाटेपुढे नांगरून राहणे कोणाच्याच हिताचे नाही. जुन्या काळी मुंबईची बोटसुद्धा येथे धक्क्याला लागत नसे. ती दूर उभी राही, आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ती वाहतूक बंदच असे.

खरा कस लागतो तो बंदीच्या आधीच्या दिवसांत. ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य वर्तमानपत्रांत वाचनात येते. या खुणांची पूर्ण मालिका अकरांची आहे. पहिल्या दोन दूर समुद्रातील वादळाच्या, तिसरी व चौथी खुद्द बंदराला इशारा देणाऱ्या, पाच ते सात धोक्याच्या, आठ ते दहा महाधोक्याच्या. आणि अकरावी खूण, इशारा देणाऱ्या कचेरीशी संपर्क तुटला असे सांगणारी. मुख्यतः लहान होड्यांची ये-जा असलेल्या बंदरांसाठी तीन, चार, सात, दहा आणि अकरा या पाचच खुणांची संक्षिप्त पद्धती आहे. दूरच्या वादळाची वर्दी त्यांना देत नाहीत; खूण लागली की हालचाल करावयाची.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकले, तेव्हा देवगडजवळच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या दोन बोटी बुडाल्या. त्यांवर मिळून सात खलाशी होते. एकाचा मृत्यू झाला, तिघे बेपत्ता झाले आणि तिघे वाचले, असे त्या वेळी शासनाने सांगितले. लक्षात घ्यावयाचे ते हे की या बोटी समुद्रावर नव्हत्या, बंदरात होत्या. त्याच वादळात मुंबईच्या पश्चिमेस पी-३०५ ही तराफ्यासारखी निवासी नौका नांगर निसटून वाहवत गेली. तिच्यावर २६१ माणसे होती. त्यांतील सत्तराहून अधिक दगावली. नांगर म्हणजे भरवसा, हे आपल्या भाषेतले समीकरण समुद्रावरच्या माणसाला पुरते मान्य नसते.

मच्छीमारांची तक्रारही ऐकून घेतली पाहिजे. खाड्या गाळाने भरत आल्या, यांत्रिक बोटी वाढल्या, आणि मालवणसारख्या ठिकाणी पर्यटकांच्या होड्यांची भर पडली. नेमून दिलेली जागाच अपुरी असेल तर वाट अडविल्याचा दंड भरून काय साधणार, असे नाखवा विचारतो, आणि त्याचे विचारणे वावगे नाही. गाळ काढणे हाही बंदराच्या पाण्याच्या व्यवस्थेचाच भाग आहे. तो न काढता केवळ पावत्या फाडणे म्हणजे अर्धीच व्यवस्था झाली.

त्यात देवगडसारख्या आडोशाच्या बंदराचा प्रश्न आणखी वेगळा. समुद्र खवळला की गुजरातच्या, कर्नाटकच्या बोटी तेथे आश्रयाला येतात, आणि वादळातून आलेल्याला जागा नाही असे कोणी म्हणत नाही. वर सांगितलेल्या वर्तुळाचा हिशेब मग मोडीत निघतो. प्रत्येकीने स्वतंत्र नांगर टाकून फिरावयाचे म्हटले तर निम्म्या बोटी बाहेर राहतील. अशा वेळी बोटी बोटींना बांधतात. नांगर थोड्यांचे, दोर सगळ्यांचे, मध्ये जुने टायर लटकविलेले. आणि मालप्याच्या बोटीवरचा खलाशी कन्नडात काही ओरडतो, तेव्हा देवगडचा तांडेल ते शब्द न कळताही दोर झेलतो.